नवख्या मुलांसाठी रोलप्लेइंग खेळाची पात्रपत्रिका कशी आखावी?

प्रश्न : फोंडा तालुक्यातील एका वाचनालयातून

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी दुपारी १२ ते १५ वर्षांची मुले जमतात. मे महिन्याच्या सुट्टीपासून मी त्यांच्यासाठी टेबलाभोवती बसून खेळण्याचा एक रोलप्लेइंग खेळ चालवीत आहे. त्यात प्रत्येक जण कथेतील एक पात्र होऊन बोलतो, आणि अवघड प्रसंगी ते काम जमले की नाही हे फासे टाकून ठरते. कथा मी स्वतः रचली आहे. ती कदंबांच्या काळातील गोपकपट्टण बंदरात, म्हणजे झुआरीच्या काठी आज ज्याला गोवा वेल्हा म्हणतात (जुने गोवे नव्हे) त्या परिसरात घडते. मुलांपैकी कोणी गलबतावरचा तांडेल होतो, कोणी वैद्य, कोणी मसाल्यांचा व्यापारी, तर कोणी देवळाचे खांब घडवणारा पाथरवट.

नियमांसाठी मात्र मी या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा आधार घेतला. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रथम प्रकाशित झाला आणि मी वापरते ती त्याची पाचवी आवृत्ती २०१४ सालची आहे. तिच्यातील पात्रपत्रिका, म्हणजे ज्याला सगळे कॅरेक्टर शीट म्हणतात तो पात्राची माहिती लिहिण्याचा कागद, मी मराठीत उतरवली. शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण, त्यांच्याखाली १८ कौशल्ये, त्यानंतर प्राण (पात्र किती मार सोसू शकते तो आकडा), चिलखत, शस्त्रे, सामान आणि पूर्वायुष्य. ए-४ कागदाच्या दोन्ही बाजू भरून गेल्या.

पहिल्या रविवारी नऊ मुले आली. पत्रिका भरण्यातच एक तास वीस मिनिटे गेली आणि प्रत्यक्ष कथा सुरू झाली तेव्हा जेमतेम अर्धा तास उरला होता. पुढच्या रविवारी सहाच मुले आली. न आलेल्यांपैकी एक मुलगी मला बाजारात भेटली, तेव्हा मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, “बाई, तो गणिताच्या पेपरासारखा वाटला.” तिचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण त्या गटात तिच्याइतकी कल्पक मुलगी दुसरी नव्हती.

माझ्या अडचणी तीन आहेत. पत्रिकेतून काय काढावे आणि काय ठेवावे, हे कोणत्या कसोटीवर ठरवावे? ‘बुद्धी’ आणि ‘शहाणपण’ यांतला फरक मुलांना दर वेळी समजावून सांगावा लागतो, तर हे शब्द बदलावेत की ती विभागणीच सोडून द्यावी? आणि पात्रे आधीच तयार करून मुलांच्या हाती द्यावीत, की ती त्यांनाच घडवू द्यावीत? ज्यांनी अशा पत्रिका आखल्या किंवा वापरल्या आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

उत्तर १ : डिचोली

आपण कसोटी विचारली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पुढच्या रविवारी जुनीच पत्रिका घेऊन खेळा; मात्र एक कोरी प्रत स्वतःजवळ ठेवा आणि खेळताना एखाद्या मुलाने पत्रिकेवरील ज्या रकान्याकडे पाहिले, त्या रकान्यात पेन्सिलीने एक रेघ ओढा. दोन तासांनंतर बहुतेक रेघा चार-पाच रकान्यांतच जमलेल्या दिसतील आणि अर्ध्याहून अधिक कागद कोरा राहिलेला असेल. जो रकाना संपूर्ण खेळात कोणी पाहिला नाही, तो पहिल्या दिवसाच्या पत्रिकेवर असण्याचे काही कारण नाही. मी माझ्या भाच्यांसाठी असे केले, तेव्हा १८ कौशल्यांपैकी केवळ पाचांना हात लागला होता.

आपण घेतलेल्या रचनेत एक दोष इतका जुना आहे की सरावलेल्या खेळाडूंना तो दिसेनासा होतो. तिथे प्रत्येक गुणासमोर दोन आकडे असतात. एक मूळ गुणांक, उदाहरणार्थ १५, आणि दुसरा त्यावरून काढलेली भर, म्हणजे अधिक २. मूळ गुणांकातून १० वजा करायचे, उरलेल्याचे निम्मे करायचे आणि अपूर्णांक आल्यास खालचा पूर्णांक घ्यायचा, असे ते गणित आहे. मूळ खेळात गुणांक तीन फासे टाकून ठरत असे, म्हणून तो ३ ते १८ यांच्या दरम्यान येई, आणि तीच परंपरा पुढे चालत आली. आज मात्र खेळताना जवळजवळ नेहमी फक्त भर लागते. म्हणजे मुलाच्या डोळ्यांपुढे दोन आकडे आणि कामाचा एकच. साहजिकच ते दर वेळी विचारते की यातला कोणता मिळवायचा. पाथफाइंडर या खेळाच्या २०२३ मध्ये आलेल्या सुधारित नियमपुस्तकाने मूळ गुणांक काढून टाकला आणि केवळ भर ठेवली. आपणही तेच करावे.

दुसरी सूचना फाशांविषयी आहे. मूळ खेळात लागणारा वीस बाजूंचा फासा आपल्याकडे सहज मिळत नाही; ल्युडोचे फासे मात्र घरोघरी असतात. दोन साधे फासे टाकून त्यांची बेरीज करावी, तीत भर मिळवावी आणि ७ किंवा अधिक आल्यास काम जमले असे धरावे. ३६ शक्यतांपैकी २१ शक्यतांमध्ये बेरीज ७ किंवा त्याहून अधिक येते, म्हणजे काहीही न मिळवता यशाचा संभव सुमारे ५८ टक्के होतो. १ मिळवल्यास तो ७२ टक्के होतो आणि २ मिळवल्यास ८३ टक्के. वीस बाजूंच्या फाशावर एकाची भर म्हणजे फक्त ५ टक्क्यांचा फरक, आणि तो मुलांच्या हाताला जाणवत नाही. दोन फाशांवर तो पहिल्याच दिवशी जाणवतो. याच कारणासाठी भर २ च्या पुढे जाऊ देऊ नये, कारण ३ झाल्यास यश ९२ टक्क्यांवर जाते आणि फासे टाकण्यात काही उत्कंठा उरत नाही.

२०१० साली आलेल्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळाने दोन फाशांच्या बेरजेचे तीन टप्पे केले. ६ किंवा कमी आल्यास संकट. ७ ते ९ आल्यास काम होते, पण त्याची काही किंमत मोजावी लागते. १० किंवा अधिक आल्यास काम निर्वेध होते. पत्रिकेच्या दृष्टीने याचा मोठा लाभ असा की किती आले म्हणजे जमले, हे सूत्रधाराच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मनात न राहता प्रत्येकाच्या कागदावर तीन ओळींत छापता येते. फासे थांबताच मुलाला निकाल स्वतः वाचता येतो. परवानगी मागितल्यासारखे सूत्रधाराच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही, आणि लाजऱ्या मुलांच्या बाबतीत या गोष्टीचे मोल फार आहे.

बुद्धी आणि शहाणपण यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. ही विभागणी सोडून द्यावी. मराठीत ज्याला आपण शहाणा म्हणतो, त्याच्यात दोन्ही येतात, आणि भाषा ज्या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही, त्या केवळ दुसऱ्या देशातील खेळाने वेगळ्या मानल्या म्हणून मुलांवर लादू नयेत.

उत्तर २ : पेडणे

मी हे खेळ फारसे खेळलेलो नाही. पण गावच्या जत्रेतील नाटकांत तीस वर्षे कामे केली आहेत. आपला प्रश्न वाचताना मला पात्रपत्रिकेपेक्षा नक्कलच आठवत राहिली.

आमच्याकडे संपूर्ण नाटकाचे पुस्तक एकाच्याच हाती असे. त्यावरून प्रत्येक नटासाठी त्याच्या भूमिकेची नक्कल वहीत उतरवून काढीत. तीत त्या नटाची स्वतःची वाक्ये असत, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्या पात्राच्या बोलण्यातील शेवटचे तीन-चार शब्द. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचे. बाकीच्या अंकात काय घडते, हे नकलेत नसे आणि ते नसल्यामुळे कोणाचे काम अडत नसे. माझ्या वडिलांच्या हातच्या काही नकला अजून घरात आहेत. राजाची भूमिका असली तरी वही १०-१२ पानांची, कारण रंगमंचावर उभे राहिल्यावर जे लागणार नाही, ते त्यांनी लिहिलेच नाही.

आपल्या पत्रिकेत पात्राचे वर्णन भरपूर आहे, पण कधी काय करायचे याची खूण कुठेच नाही. ‘छाप : अधिक २’ हे वाचून मुलाने नेमके काय करावे? त्याऐवजी “कोणी खोटे बोलत आहे असा संशय आल्यास : दोन फासे टाका आणि २ मिळवा” असे लिहिले, तर ते नकलेतील खुणेच्या शब्दांसारखे काम करील. खेळात तशी वेळ आली की मुलाची नजर आपोआप त्या ओळीवर जाईल. प्रत्येक पात्राला अशा चार ओळी पुरेत. तांडेलाच्या चार ओळी वैद्याच्या ओळींहून वेगळ्या असतील, आणि त्या वेगळेपणातूनच आपण कोण आहोत हे मुलाला समजेल.

इथे आपल्या भाषेची एक अडचण आहे आणि तिच्यावरचा उपायही भाषेतच आहे. “तू चढतोस”, “तू लपतोस” असे छापले, तर मुलींनी काय करायचे? दोन्ही रूपे तिरक्या रेघेने जोडून लिहिली, तर ओळ वाचताना अडखळते. आपल्याकडे “मला पोहता येते”, “मला दोरावर चढता येते”, “मला लोकांची मने वळवता येतात” अशी रचना आहे, जिच्यात बोलणारा मुलगा की मुलगी याने काहीच बदलत नाही. शिवाय ‘मला येते’ असे म्हणताना मुलाच्या मनात जो विश्वास उभा राहतो, तो ‘चपळाई’ या नामाने राहत नाही. पात्राच्या सर्व ओळी याच रचनेत लिहाव्यात, असे मी सुचवतो.

पात्र आधी तयार असावे की नाही, या प्रश्नावर दशावताराचे उदाहरण देतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेले असते, वेश ठरलेला असतो आणि नट उभ्या उभ्या बोलत जातो. मी एका जुन्या नटाला विचारले होते की एवढे बोलणे सुचते कसे. त्यांनी सांगितले की रंगमंचावर जाण्यापूर्वी आपण कोण, आपल्याला काय हवे आणि आपल्या आड कोण येणार, एवढे पक्के झाले की पुढचे येते. आपल्या पत्रिकेच्या अगदी वरच्या भागात या तीन गोष्टींना जागा द्यावी. सध्या पूर्वायुष्याचा रकाना दुसऱ्या बाजूला, सर्वांत खाली आहे. तिथपर्यंत पोहोचेतो मुले थकून जात असतील.

उत्तर ३ : मडगाव

मी डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी पानांची मांडणी करण्याचे, काम करते, म्हणून केवळ कागदापुरते लिहिते.

ए-४ कागद मधोमध दुमडून ए-५ आकाराची चार पाने करावीत. मुखपृष्ठावर नाव आणि चित्रासाठी चौकट, आतील दोन समोरासमोरच्या पानांवर खेळताना लागणारे सर्व काही, आणि मागील पान सामान व टिपणांसाठी रिकामे. खेळताना पान उलटावे लागू नये, हा नियम कधी मोडू नका. फाशांचे तीन टप्पे आतील उजव्या पानावर वरच्या बाजूला ठेवावेत, कारण तळाशी ठेवल्यास लिहिणाऱ्या हाताखाली ते झाकले जातात.

देवनागरी अक्षराला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरे असतात. इंग्रजी नमुन्यातील ओळींचे अंतर जसेच्या तसे घेतले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. छापील मजकूर किमान १३ पॉइंटचा ठेवून ओळींमध्ये त्याच्या दीडपट अंतर द्यावे, आणि मुलांना जिथे हाताने लिहायचे आहे तिथे ओळीची उंची १० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी.

प्राणांचा आकडा खोडून पुन्हा लिहिण्याची पद्धत बंद करावी. साध्या ७० ग्रॅमच्या कागदाला पावसाळ्यात आपल्याकडे जो दमटपणा येतो, त्यात चौथ्यांदा खोडरबर लागताच तिथे भोक पडते. आकड्याऐवजी लहान वर्तुळे छापावीत आणि एक प्राण गेला की एका वर्तुळावर फुली मारावी. वजाबाकी करावी लागत नाही, आणि आपली अवस्था किती बिकट आहे हे मुलाला एका दृष्टिक्षेपात कळते. कागद १०० ग्रॅमचा घ्यावा. शाईच्या पेनाऐवजी पेन्सिल द्यावी, कारण ओलसर कागदावर शाई पसरते.

उत्तर ४ : वाळपई

वरील सर्व सूचना उपयोगी आहेत. तरी एका बाबतीत माझा विरोध नोंदवतो. पत्रिका सोपी करता करता मुलांच्या हाती पूर्ण भरलेला कागद देण्याकडे ही चर्चा चालली आहे. कंटाळा मुलांना आकड्यांचा आला होता. पात्र घडवण्याचा आला, असे प्रश्नात कुठेही म्हटलेले नाही. जी मुलगी पुन्हा आली नाही, ती आपल्या मते सर्वांत कल्पक होती. तिला तयार पात्र दिल्यास ती एक रविवार येईल आणि पुन्हा जाईल, कारण त्या कागदावर तिचे असे काहीच नसेल.

माझा अनुभव असा आहे की आकडे आणि क्षमता आधी छापून द्याव्यात, पण तीन जागा हट्टाने रिकाम्या ठेवाव्यात. एक नावाची. दुसरी, “माझ्याजवळ अशी एक वस्तू आहे, जी दुसऱ्या कोणाजवळ नाही”. तिसरी, “या टेबलावरील ______ याच्या पात्राने एकदा माझ्यासाठी असे केले होते”. ही तिसरी ओळ भरताना मुलांना एकमेकांशी बोलावेच लागते, आणि नवख्या गटात पहिल्या १० मिनिटांतला अवघडलेपणा त्याने जितका जातो, तितका दुसऱ्या कशाने जात नाही. सत्तरी तालुक्यातील एका शाळेत मी हा प्रयोग केला, तेव्हा मुले मराठीत छापलेला प्रश्न वाचून कोंकणीत भांडत, हसत उत्तरे ठरवीत होती. त्यांना तसे करू द्यावे. पत्रिकेची भाषा एक आणि टेबलावरची दुसरी असली, तरी खेळ अडत नाही.

प्रश्नकर्तीचे पुढील टिपण : तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. मी नवी पत्रिका तयार करून ती दोन रविवारी वापरली, आणि काय घडले ते इथे नोंदवत आहे.

सहा गुण आणि १८ कौशल्ये पूर्णपणे काढली. प्रत्येक पात्राला ‘मला … येते’ या रचनेतील चार ओळी दिल्या. त्यांपैकी एकीसमोर अधिक २, दोहोंसमोर अधिक १ आणि एकीसमोर शून्य. तांडेलाच्या ओळी अशा आहेत : मला वारा आणि पाणी पाहून पुढचे ओळखता येते, मला घाबरलेल्या माणसांना कामाला लावता येते, मला दोरावर आणि डोलकाठीवर चढता येते, मला परदेशी व्यापाऱ्यांशी घासाघीस करता येते. या ओळी लिहिणे सर्वांत अवघड गेले. माझ्या पहिल्या मसुद्यात “मला युद्ध करता येते” अशी एक ओळ होती, आणि ती इतकी व्यापक होती की मुले प्रत्येक प्रसंगी तिचाच आधार घेत. ती काढून “मला अंगावर आलेल्याला अडवता येते” अशी केली, तेव्हा कुठे इतर ओळींना वाव मिळाला. ओळ फार अरुंद असली तर तिची वेळच येत नाही, आणि फार रुंद असली तर बाकीच्या तीन निरुपयोगी ठरतात. हे मोजमाप मला प्रत्यक्ष खेळवूनच करता आले.

वाळपईहून आलेली सूचना मी जशीच्या तशी घेतली. ज्या मुलीविषयी मी लिहिले होते, तिच्या घरी जाऊन मी तिला दुमडलेला नवा कागद दाखवला आणि आकडे आधीच भरलेले आहेत, एवढेच सांगितले. ती आली. तिने मुलगी-तांडेल निवडली आणि वस्तूच्या जागी “आजोबांची ताडपत्राची पट्टी, तिच्यावर भरती-ओहोटीच्या वेळा आहेत” असे लिहिले. मी योजलेल्या कथेत त्या दिवशी बंदराच्या अधिकाऱ्यांपासून पळ काढण्याचा प्रसंग होता, आणि त्यासाठी मी दोन मार्ग ठरवून ठेवले होते. तिने पट्टी काढली, ओहोटी केव्हा लागेल ते मला विचारले आणि पाठलाग करणारे जड गलबत गाळात रुतेल अशा उथळ खाडीतून आपले पडाव नेण्याचा बेत सर्वांना समजावून सांगितला. फाशांवर ८ आले. किंमत म्हणून मसाल्याची अर्धी पोती पाण्यात टाकावी लागली, आणि व्यापारी झालेला मुलगा त्यावरून उरलेला सगळा वेळ तिच्याशी वाद घालत होता.

पत्रिका भरायला पहिल्या रविवारी १५ मिनिटे लागली, आणि त्यांतली बरीचशी एकमेकांवरचे उपकार ठरवण्यात गेली.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. प्राणांची वर्तुळे मी पाचच ठेवली होती. दोन फुल्या पडताच मुले धोका पत्करायची थांबली आणि प्रत्येक दारापुढे उभी राहून चर्चा करू लागली. कागदावर उरलेली मोजकी वर्तुळे दिसत असल्यामुळे ही भीती आकड्यापेक्षा अधिक लवकर पसरते, असे माझ्या लक्षात आले. पुढच्या छपाईत सात वर्तुळे ठेवणार आहे, आणि शेवटच्या दोन वर्तुळांशेजारी “आता साथीदाराला हाक मार” असे छापावे, असा विचार आहे. मडगावच्या ताईंनी उजव्या पानावर त्यासाठी जागा कशी काढता येईल ते सांगावे. फाशांचे तीन टप्पे मला तिथून हलवायचे नाहीत.

उत्तर ३ : मडगाव, पुन्हा

वर्तुळे आडव्या रांगेत न ठेवता उजव्या पानाच्या बाहेरील कडेला वरून खाली उभी लावावीत. प्रत्येकी ८ मिलिमीटरची सात वर्तुळे मधल्या अंतरासह ८० मिलिमीटरमध्ये बसतात, आणि ए-५ पानाची उंची २१० मिलिमीटर असल्यामुळे टप्प्यांच्या चौकटीखाली ती आरामात मावतील. हाक मारण्याची ओळ शेवटच्या दोन वर्तुळांच्या डावीकडे येईल. आपली फाइल पाठवल्यास मी या आठवड्यात मांडणी करून देते.